टोळीचा नंबर

मळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्या माणसांशी माझं फारसं जमत नाही. वास वाईटच असतो, मी नाही म्हणत नाही. आंबूस, गोडसर, घशात बसणारा. नोव्हेंबर लागला की पुण्याबाहेर सोलापूर रस्त्याला कुठेतरी तो गाठतोच. गाडीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो आणि शेजारी बसलेलं माणूस रुमाल शोधायला लागतं. मी उलट काच खाली करते. पुढे उसाच्या ट्रॉल्या हेलकावत चाललेल्या, ट्रॅक्टरवर ठणाणा गाणी, रस्त्यात सांडलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चघळत उभी राहिलेली एखादी म्हैस. पन्नाशी गाठली, मोठमोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर उभी करण्यात जन्म गेला, हाताखालच्या पोरांना मी म्हणे फार शांत वाटते. त्यांना काय ठाऊक! गळीत हंगाम सुरू झाला की मी आतून बावीस वर्षांची होते आणि मला घाम फुटतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आमच्या बीड जिल्ह्यात एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांशेजारी कॉम्प्युटर क्लासच्या निळ्या पाट्या लागायला लागल्या होत्या. परळीला स्टेशन रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर विलाससरांचा क्लास होता. विलाससर म्हणजे पुण्यात शिकून आलेला, सदा घाईत असलेला, बोलताना पेनाचं टोपण चावणारा माणूस. क्लासात शिरताना चपला बाहेर काढायच्या. आत एसी होता, तो आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी. मी सिरसाळ्याहून एसटीनं जायची. मे महिन्यात त्या खोलीत पाऊल टाकलं की अंगावर काटा यायचा आणि परत बाहेर पडावंसंच वाटायचं नाही. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरच्या आधी मी त्या गारव्याच्या प्रेमात पडले.

माझा पहिला प्रोग्राम एकोणतिसाचा पाढा छापायचा होता. बेसिकमधला, चार-पाच ओळींचा. प्रिंटरनं टर्रटर्र करत तो छापला तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं होतं. तो कागद मी घरी नेला. अप्पा, म्हणजे माझे वडील, यांचं सिरसाळ्यात दुकान. कासरे, दावी, साखळ्या, वंगण, कंदिलाच्या काचा, गाडीवानाला जे जे लागतं ते सगळं. अप्पांनी कागद लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला, एकही आकडा चुकलेला नाही याची खात्री करून घेतली, आणि म्हणाले की हा पाढा तर मला तोंडपाठ हाय, यात मशीन कशाला? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पण त्याच दुकानानं मला एका ठिकाणी वाचवलं. पुढची भाषा शिकताना सरांनी सांगितलं की इथं मोजणी शून्यापासून सुरू होते, पहिल्या खणाचं नाव एक नाही. क्लासातली पोरं गोंधळून गेली. मला काहीच वाटलं नाही. अप्पा धान्य मापताना पहिल्या मापाला कधी एक म्हणत नसत. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. पहिल्याचं नाव वेगळं असतं ही गोष्ट मी चड्डीत नीट चालायला लागायच्या आधी शिकले होते.

त्या दिवसांत चूक झाली तरी कुणाचं काही बिघडायचं नाही. स्क्रीनवर आकडा चुकीचा आला की आपण हसायचं, ओळ खोडायची, दुसरी लिहायची. प्रोग्रामला सुरुवात असायची, शेवट असायचा, आणि मधे फक्त मी असायची. पुढे सरांनी मलाच क्लासात शिकवायला ठेवलं. मी येणाऱ्या प्रत्येक बॅचला पाढे छापायला शिकवायची. वर्षभरात मला त्या पाढ्यांचा असा कंटाळा आला की विचारू नका. सगळं शिकायचं ते हेच का, आणि याच्या पुढे काही असेल तर ते कुठं असतं, हे मला कळत नव्हतं.

ते होतं एका साखर कारखान्यात. दिंद्रुडच्या अलीकडे, आमच्या गावापासून जीपनं जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर. तिथल्या चेअरमनसाहेबांनी सर्वसाधारण सभेत जाहीर करून टाकलं होतं की यंदापासून उसाच्या गाड्यांना कॉम्प्युटर नंबर देणार, कुणाचा वशिला चालणार नाही. तोवर यार्डातले हणमंतकाका गाडीच्या लाकडावर खडूनं नंबर टाकत. मग कुण्या संचालकाचा फोन येई, खडू पुसला जाई, आणि हाणामारी होई. विलाससरांनी काम घेतलं आणि ते मला सोबत घ्यायला थेट अप्पांच्या दुकानात आले.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एका गिऱ्हाइकाला वंगण मोजून दिलं. सर आपले कारखाना, कॉम्प्युटर, भविष्य असं बोलत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर अप्पा माझ्याकडे वळले.

"उजेडात जायचं, उजेडात यायचं. अन् यार्डात नाव निघालं न्हाई पायजे. ज्या दिवशी निघालं त्या दिवशी घरी."

त्यात त्यांचंही चूक नव्हतं, हे आज म्हणता येतं. यार्डातला प्रत्येक गाडीवान येता-जाता आमच्या दुकानापुढं थांबायचा. दुपारी कारखान्यावर कोण कोणाशी हसलं हे दिवेलागणीला आमच्या गल्ल्यावर पोचलेलं असायचं. मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं, माझ्यासाठी लातूरकडची दोन-तीन स्थळं निरोप धाडून होती. मला इतक्यात तिकडं जायचं नव्हतं. लग्नाला माझा विरोध होता असंही नाही. पण पाढ्यांच्या पुढे काय असतं ते बघितल्याशिवाय घरी बसायची माझी तयारी नव्हती. तेवढा एक हंगाम मला हवा होता, आणि तो माझ्या नावाच्या न निघण्यावर टांगलेला होता. मी पंजाबी ड्रेस सोडून साडी नेसायला लागले, यार्डात मान खाली घालून चालायला लागले, आणि कुणी नाव विचारलं तर कॉम्प्युटरवाली म्हणून सांगायला लागले.

कारखान्यावर तीन कॉम्प्युटर होते. एक गेटवर, एक वजनकाट्याशी, एक हिशेब खात्यात, आणि तिघांना जोडणारी एक वायर. ही वायर काय चीज आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं. काट्यावरचा माणूस ज्या गाडीची नोंद उघडून बसला होता तीच मी गेटवरून उघडायला गेले, तर स्क्रीन म्हणाली की ही नोंद सध्या दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. मी चमकून मागे पाहिलं. आजवर माझ्या प्रोग्रामात दुसरं कुणी कधी नव्हतंच. ती ओळ मी नंतर हजारदा पाहिली असेल, पण त्या दिवशी खरोखर भीती वाटली.

गव्हाणीची, म्हणजे ऊस टाकायच्या सरकत्या पट्ट्याची, पूजा झाली, बॉयलर पेटला, पहिली मोळी पडली. हणमंतकाकांनी उत्साहाच्या भरात मॉनिटरच्या काचेवरही ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते पुसायला कुणी धजेना. गेटवरच्या स्क्रीनचे उजवीकडचे आकडे हंगामभर लालसर दिसत होते. हणमंतकाका तसे भले माणूस. मला बाई म्हणायचे, माईकवर बसून नंबर पुकारायचे आणि दर नंबरानंतर घसा खाकरायचे.

काम साधं होतं. गाडी गेटात आली की तिला नंबर. कर्ण्यावरून नंबर पुकारला की गाडी काट्यावर, भरल्या गाडीचं वजन. मग ती गव्हाणीवर, तिथं ऊस उतरवायचा. मग रिकाम्या गाडीचं वजन, आणि गाडी बाहेर. आधी आलेला आधी जाईल. रांग हा धडा मी क्लासात फळ्यावर चौकोन काढून शिकवायची, तोच हा धडा, फक्त चौकोनांच्या जागी बैल.

सुरुवातीला गाड्या कमी होत्या तोवर सगळं ठीक चाललं. मग तोडीला जोर आला आणि यार्ड तुंबलं.

कसं तुंबलं ते आम्हाला कळेचना. रिकाम्या झालेल्या गाड्या बाहेरच जाईनात. काट्याच्या पलीकडे, बाहेरच्या रस्त्यावरच त्या सोडलेल्या, बैल खाली बसलेले, बायांनी तिथंच चुली मांडलेल्या. त्यांच्यामुळे मागच्यांना वाट नाही, त्यांच्यामागे भरलेल्यांना वाट नाही. एका दुपारी गव्हाण मोकळी पडली. ऊस संपल्याचा भोंगा झाला आणि चरक थांबला. यार्डात नजर पोचेल तिथवर ऊस उभा, आणि आत ऊस नाही म्हणून कारखाना बंद! उन्हात ऊस वाळतो, वाळला की वजन उतरतं, आणि गाडीवानाची मजुरी वजनावर. माणसं चिडणार नाहीत तर काय करतील? कुणीतरी आमच्या खिडकीवर उसाचं टिपरू फेकून मारलं. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, ती तशीच बसून राहिले. मान वळवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ती कोण बसलीय आत.

विलाससर प्रोग्राममधली चूक शोधत होते. टोपण चावून चावून त्यांनी त्याचा चोथा केला. ओळीमागून ओळ आम्ही तपासली. चूक नव्हतीच. प्रत्येक गाडीला बरोबर नंबर मिळत होता, बरोबर क्रमानं पुकारा होत होता, वजनं बरोबर होती. क्लासात उत्तर चुकलं तर प्रोग्राम चुकला असं सोपं होतं. इथं प्रोग्राम बरोबर होता आणि यार्ड तुंबलं होतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीच येत नाही.

चेअरमनसाहेब आले. पांढरे कपडे, आवाज हळू. मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसापेक्षा हळू बोलणाऱ्याची धास्ती जास्त वाटते. ते सरांना एवढंच म्हणाले की पौर्णिमेपर्यंत बघतो. तोवर यार्ड हललं न्हाई तर ह्या पेट्या परळीला घेऊन जा.

पेट्या परळीला म्हणजे मी सिरसाळ्याला. अप्पांना वेगळं काही करावंच लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावर पाणी प्यायला गेले होते. शेजारीच एक बाई भाकरी थापत बसली होती. शेषाबाई तिचं नाव. तिचा नवरा भानुदास टोळीचा मुकादम होता, म्हणजे पाच-सहा गाड्यांच्या त्या जथ्याचा म्होरक्या. तिच्यामागे त्यांची गाडी रिकामी उभी होती, वजन होऊन गेलेली. मी वैतागलेली होते. जरा तोडूनच विचारलं की बाई, तुमचं काम झालंय तर तुम्ही जात कावून न्हाई?

तिनं माझ्याकडे पाहिलं. भाकरी उलटली.

"अजून दोघं आत हायेत की आमचे. आमी कसं जावं?"

झालं. मी तिथंच उभी राहिले. गेटात शिरताना दोन टोळ्यांच्या गाड्या एकमेकींत मिसळायच्या, एखादी हौदावर बैलांना पाणी पाजून मागून यायची, मधे कुणाचा ट्रॅक्टर घुसायचा. आम्ही आल्या क्रमानं प्रत्येक गाडीला नंबर देऊन टोळीचे तुकडे तुकडे करून टाकले होते. पहिली सकाळी रिकामी, शेवटची संध्याकाळी. आणि टोळी कधी एकाला मागे ठेवून जात नाही. रस्त्यात चाक निखळलं तरी सगळ्या थांबतात. हे मला माहीत नव्हतं का? मी लहानपणापासून दुकानाच्या पायरीवर बसून बघत होते. एकाला कासरा घ्यायचा असला तरी पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या आमच्या दारात उभ्या राहायच्या. मला माहीत होतं, सरांच्या मामाची स्वतःची गाडी होती, चेअरमनसाहेबांचं तर आयुष्य यार्डात गेलेलं. हणमंतकाकांना आम्ही काम समजून घेताना विचारलंही होतं, तेव्हा ते म्हणाले होते, गाडी आली की नंबर द्यायचा, सोपं हाय. आता जाब विचारला तर त्यांनाच नवल वाटलं. खडूनं ते टोळीलाच एक नंबर टाकत आले होते. गाडी म्हणलं की टोळी आलीच की बाई, ते काय सांगायची गोष्ट हाय का, असं म्हणाले.

आज पुण्यात माझ्या ऑफिसात मोठमोठ्या बैठका होतात. बँकेची माणसं, विम्याची माणसं समोर बसतात आणि त्यांना काय हवं ते भिंतीवर चित्रं दाखवून सांगतात. पोरं भराभरा टिपून घेतात. मी ऐकत असते आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत असतो, की ही माणसं आता काय सांगत नाहीयेत? खोटं बोलतात म्हणून नव्हे. त्यांना ते इतकं माहीत असतं की सांगायचं सुचत नाही. भाषा कुणीही शिकतो. चार महिने दिले की येते. हे ओळखायला मात्र माझी निम्मी नोकरी गेली, आणि अजूनही मी दर वेळी ओळखतेच असं नाही.

तर टोळी हा एक नंबर. टोळीतली शेवटची गाडी गेटात आली की नंबर पक्का. पुकारा टोळीचा, आणि शेवटची गाडी रिकामी होऊन काट्यावरून उतरली की नंबर संपला. सगळ्या मिळून एक, नाहीतर काहीच नाही. बोलायला सोपं. पण त्यासाठी नोंदींची मांडणीच बदलायची होती आणि तिन्ही कॉम्प्युटर एकदम बंद झाल्याशिवाय ती बदलता येत नव्हती. पाढ्याचा प्रोग्राम मी कधीही थांबवू शकत होते. इथं थांबवायला तीन खात्यांच्या विनवण्या. हिशेब खात्यातला कारकून अर्धं पान सोडून उठायला तयार नव्हता. शेवटी चरक पुन्हा थांबला, तेव्हा त्या भोंग्यानंच आमचं काम केलं. कारखाना बंदच आहे तर मशीन बंद ठेवायला कुणाची हरकत असणार?

दुपारची वेळ. हिवाळ्याचा दिवस, बघता बघता कलायचा. मला उजेडात घरी पोचायचं होतं. बाहेर हणमंतकाका हातानं नंबर टाकत होते, आत मी लिहीत होते आणि सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. निम्म्यात ते म्हणाले की तू जा, उरलेलं मी बघतो. मी गेले नाही. मला कुणाचाच भरवसा वाटत नव्हता, स्वतःचाही. एकेक ओळ मी दोनदा वाचत होते. काट्याच्या शेडची सावली रस्त्यापर्यंत आली तेव्हा पहिली आख्खी टोळी पुकारली गेली. गाड्या एकामागून एक आत गेल्या आणि एकामागून एक बाहेर पडल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना ते तसंच व्हायला हवं होतं. मी पदर खोचला आणि शेवटची जीप गाठायला धावत सुटले.

यार्ड हललं. पौर्णिमा आली, चेअरमनसाहेब आले, खिडकीशी उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि फार प्रेमानं म्हणाले की सगळं छान हाय, फक्त एक कळ ठेवा. कधी अडीअडचणीला एखादी टोळी पुढं घेता आली पाहिजे. सरांनी लगेच मान डोलावली. मला तिथंच कळलं की ही कळ म्हणजे पुसायचा खडूच. उद्यापासून संचालकांचे फोन सुरू, परत हाणामारी, आणि मग सगळे म्हणणार की कॉम्प्युटरनंच घोळ केला. गप्प बसणं शहाणपणाचं होतं. नाव निघू न देण्याचा तोच सोपा रस्ता होता. पण मी मान वर केली आणि म्हणाले, कळ ठेवते साहेब, पण टोळी पुढं घेतली की कुणाच्या सांगण्यावरून घेतली त्याचं नाव मशीन मागणार. नाव दिल्याशिवाय पुढं जाणार नाही. आणि हणमंतकाका ते नाव टोळीबरोबर माईकवर वाचतील.

सरांचा चेहरा पडला. चेअरमनसाहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात मात्र हसू आलं. त्यांच्यामागे नाही का लोक लागत असतील, माझी टोळी घ्या म्हणून? त्यांनाही कुणाला तरी नाही म्हणायला एक निमित्त हवंच असणार.

"ठेव. बघू कुनाची छाती होते ते," म्हणाले आणि उठले.

कुणाचीच झाली नाही. फोन यायचे, नाव वाचलं जाईल म्हटलं की ठेवले जायचे. आता आम्ही याला ऑडिट ट्रेल म्हणतो. नवीन पोरांना शिकवताना मी पडद्यावर रकाने दाखवते, कुणी बदल केला, कधी केला. पोरं जांभया देतात. त्यांना तो कर्णा ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?

एका दुपारी फोन वाजला. कारखान्याचा फोन आमच्याच खोलीत असायचा. दिंद्रुडहून कुणीतरी बूथवरून बोलत होतं. भानुदास मुकादमाची आई गेली. दिवस मावळायच्या आत माती द्यायचीय, पोरांना ताबडतोब धाडा.

भानुदासची टोळी म्हणजे ते सख्खे भाऊच होते. सगळी त्या म्हातारीची पोरं आणि सुना. टोळीचा नंबर लागायला अजून पुष्कळ टोळ्या बाकी होत्या. भरल्या गाड्या, जुंपलेले बैल रांगेत टाकून सगळे जाणार कसे, आणि मागे कुणाला ठेवणार? आईच्या मातीला जाऊ नको असं कोणत्या भावाला सांगायचं? मी बाहेर जाऊन निरोप सांगितला. भानुदास पुढं उभ्या असलेल्या टोळ्या मोजायला लागला. शेषाबाईनं मोठ्यानं हंबरडा फोडला आणि मग उन्हाकडे बघायला लागली. ऊन उतरत चाललं होतं.

विलाससर बीडला प्रिंटरची फीत आणायला गेले होते. चेअरमनसाहेब नारायणगडाला दर्शनाला. हणमंतकाका माईकशी बसले होते. मी त्यांना म्हटलं, काका, कळ दाबा. ते म्हणाले की दाबतो, पण नाव कोनाचं? माझी थोडी नोकरी राहिली हाय बाई, पुढं संचालकाची टोळी उभी हाय, माझं नाव घालू नको. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खरंच घाबरले होते. मला त्यांचा राग आला नाही. नावाचा नियम त्यांनी केलेला नव्हता.

मी खुर्चीवर बसले. कळ दाबली. मशीननं नाव मागितलं. मला आठवतंय, माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि मला अप्पांच्या दुकानाची पायरी दिसत होती. असा हंगाम पुन्हा मिळणार नव्हता. मी नाव लिहिलं.

"भानुदास मुकादमाची टोळी पुढं घ्यावी," कर्णा म्हणाला. घसा खाकरल्याचा आवाज आला. "नंदाच्या सांगण्यावरून."

सगळ्या यार्डानं ऐकलं. कोन नंदा, म्हणून कुणीतरी ओरडलं. कॉम्प्युटरवाली बे, दुसऱ्यानं उत्तर दिलं. आमच्या खिडकीपुढं माणसं गोळा झाली. माती हाय त्यांच्याकडं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा पुढच्या गाडीवानानं बैल बाजूला घेतले. मग त्याच्या पुढच्यानं. संचालकाच्या टोळीतला एकजण बडबडत राहिला, पण गाडी त्यानंही सरकवली. भानुदासची शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा ऊन अजून होतं. आता वेळेत पोचतील का, हे मला कळायला मार्ग नव्हता.

संध्याकाळच्या जीपमध्ये मी पुढे बसले होते आणि मागची माणसं माझ्याच बद्दल बोलत होती. नंदा, नंदा, नंदा. मी मनात वाक्यं जुळवत होते. अप्पा, माझा नाइलाज होता. अप्पा, दुसरं कुणी नव्हतं. सिरसाळा जवळ आलं तशी एकेक वाक्य गळत गेलं. दुकानापुढं उतरले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अप्पा गिऱ्हाइकाला कासरा बांधून देत होते. कपाळावरचं भस्म घामानं पुसट झालेलं. मी पोत्यावर जाऊन बसले. गिऱ्हाईक गेलं. अप्पांनी तराजूची पारडी पुसली, खुंटीवरची दावी सारखी केली, उगाच एक डबा इकडचा तिकडं ठेवला.

"पोचले ते," म्हणाले. "दिंद्रुडचा माणूस आत्ता सांगून गेला. सगळ्या पोरांनी माती दिली."

मला रडू फुटलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, माईकवर नुसतं नंदा म्हणले म्हणं? मी मान डोलावली.

"नुसतं नंदा कावून? कोनाची नंदा, ते यार्डाला कसं कळावं? उद्यापासून पुरं नाव घ्यायला सांग. माझं नाव लावून."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कारखान्यावर गेले. नावासाठी मी मशीनमध्ये दहाच अक्षरांची जागा ठेवलेली होती. ती वाढवायची म्हणजे मांडणी बदलणं आलं. मी गेटवर, काट्यावर आणि हिशेब खात्यात निरोप धाडला की तिन्ही मशीन बंद करा, मला काम आहे.